शेवटच्या बाकावरचे घरमालक

आमच्या अंधेरीच्या घरमालकांइतका खरं बोलणारा, आणि खरं बोलून स्वतःचीच वाट लावून घेणारा माणूस मी अख्ख्या उपनगरात दुसरा पाहिला नाही. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी मालवणहून आले आणि त्यांच्या गावठाणातल्या घराच्या माडीवर आम्ही भाड्याने राहायला लागलो. खोली दाखवताना त्यांचं पहिलं वाक्य, "पावसात हा कोपरा गलतो. मी बोलेन दुरुस्त करतो, पन करनार नाय." आणि खरंच केला नाही. आम्ही तिथे बादली ठेवायचो, पण फसवलं म्हणायची सोय नव्हती. कोंबड्या पाळायचे, अंडी विकायचे आणि गिऱ्हाइकाने पिशवी पुढे केली की स्वतःहून सांगायचे, "ही आजची नाय हां, परवाची." शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी एकदा घरमालकांना सहज विचारलं, मुलगी स्वयंपाक बरा करते ना? घरमालकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "गाते चांगलं." स्थळ गेलं. त्या मुलीच्या आईने पुढे वर्षभर ह्यांच्याकडून अंडी घेतली नाहीत.

घरमालक ख्रिस्ती, इथलेच मूळचे, आजोबा-पणजोबांपासून भातशेती केलेले. त्यांची पहिली बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत भावाला भेटायला म्हणून नैरोबीला गेली, ती तिकडचीच झाली. ह्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली, मग कोर्टातून घटस्फोट घेतला आणि आंटींशी, म्हणजे आमच्या घरमालकिणीशी, रजिस्टर लग्न केलं. कोर्टाने मोकळं केलं, पण चर्चच्या लेखी पहिलं लग्न कायम. म्हणजे दोघांनी रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला यायचं, गायचं, गुडघे टेकायचे. पण कम्युनियन, म्हणजे फादर हातावर ठेवतात ती प्रसादाची पांढरी पातळ चकती, ती मात्र घ्यायची नाही. म्हणून दोघं शेवटच्या बाकावर बसत. मी आंटींबरोबर पुष्कळदा गेलेय, मला तिथलं गाणं आवडायचं. कम्युनियनची रांग लागली की घरमालकांना स्वस्थ बसवत नसे. ते मधल्या वाटेत उभे राहून सगळ्यांना पुढे पाठवत. म्हाताऱ्यांचा हात धरायचे, पोरांच्या तोंडातलं च्युइंगम काढायला लावायचे, "चल, तू हो पुढे, मागचे थांबलेत." असं कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्याशिवाय रांग सरळ जातच नसे. सगळे गेले की परत येऊन आंटींशेजारी बसायचे.

ह्यावरून त्यांच्या ओटीवर दर रविवारी वाद पेटायचा. निम्मे म्हणायचे, येशू पाप्यांच्या पंक्तीला जेवला, मग ह्या सरळ माणसानेच काय घोडं मारलंय? निम्मे म्हणायचे, आज ह्यांना दिलं तर उद्या लग्नाला अर्थ काय राहिला? आणि गंमत बघा, नियमाच्या बाजूने सगळ्यांत तावातावाने भांडायचे ते स्वतः घरमालक. "शपथ मी घेतली होती ना? मग? नियम हाय तर हाय." आधीच्या फादरांनी त्यांना एक वाट दाखवली होती, की पहिलं लग्न मुळात लग्नच नव्हतं असं चर्चकडून ठरवून घेऊ या. ह्यांनी साफ नकार दिला. "सगला गाव जेवला, बँड लावला, मी खुशीत होतो. झालाच नाय कसा बोलू?"

आंटी ह्या वादात कधी पडल्या नाहीत. पण एका वर्षी डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. एक दिवस माझ्यासोबत भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रांगेतल्या सगल्यांच्या पाठी बघून बघून म्हातारी झाले गं. ऑपरेशनच्या आधी एकदा घ्यायचं होतं. पन ह्याच्याशिवाय मी एकटी जानार नाय." मला घरमालकांचा तेव्हा मनापासून राग आला. खरं बोला, पण किती बोलाल?

पुढच्याच आठवड्यात नवे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. वसईचे, तरुण, हसतमुख. मी चहा घेऊन गेले आणि तिथून हलले नाही, मुद्दामच. फादर म्हणाले, रोमहून आता स्पष्ट सांगणं आलंय. ह्या वयात वेगळं होणं शक्य नसेल, पण दोघं भावाबहिणीसारखे राहायला तयार असतील, तर पापांची कबुली देऊन कम्युनियन घेता येईल. फक्त जिथे कुणी ओळखत नाही अशा चर्चमध्ये घ्या, उगाच चर्चा नको.

घरमालकांचा चेहरा लालबुंद झाला. "फादर, ही माझी बायको हाय. हिला बहीन बोलू?"

मी मनात म्हटलं, झालं, हेही गेलं. तेवढ्यात आंटी शांतपणे म्हणाल्या, "फादर, ती ओटीवरची कॉट बघा. घोरतो म्हनून कितीतरी वर्सं मी ह्याला बाहेर काढलाय. बहीनपन आत झोपू देईल भावाला."

फादरांनी कपात तोंड घातलं. मग विचारलं, "अंकल, हे खरं?"

आता पंचाईत. ज्या माणसाला परवाचं अंडं आजचं म्हणता येत नाही, तो काय करणार? "खरं हाय."

"आणि ह्यापुढे?"

"घोरनं काय थांबनार नाय." मग त्यांनी आंटींकडे पाहिलं आणि आवाज खाली आला. "वचन देतो, फादर. बहीन बोलनार नाय, तेवढं सोडा."

"बोलू नका. तसे राहा, बास," फादर म्हणाले. आंटी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कांदिवलीच्या चर्चमध्ये. आंटी लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या, घरमालक कोटात. सवयीने शेवटचाच बाक गाठला. रांग लागली, आंटी उठून पुढे गेल्या, आणि घरमालक? मधल्या वाटेत उभे. ज्या चर्चमध्ये कुणी ओळखत नाही तिथे, "चला बाई, पुढे व्हा. ए, हात खिशातून काढ." लोक बघतायत, पण ऐकतायत. रांग झकास सरळ झाली. शेवटची म्हातारी पुढे पाठवून घरमालक समाधानाने परत आले आणि माझ्याशेजारी बसले. मी त्यांच्याकडे बघते, ते माझ्याकडे बघतात. फादर चकत्यांची वाटी झाकून वळलेसुद्धा. तेवढ्यात पुढच्या बाकापाशी घरमालकांची वाट बघत थांबलेल्या आंटींनी मागे वळून पाहिलं, आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा फादर. एक राहिलाय."

परत येताना स्टेशनवर आंटींनी विचारलं, "कसं वाटलं?" ते म्हणाले, "चव काय नसते तिला. मी विसरलोच होतो." आणि प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. आम्ही गाड्या जाऊ दिल्या.

आंटींचं ऑपरेशन नीट पार पडलं. तेव्हा हुश्श केलं ते आठवून आजही बरं वाटतं. पुढे कित्येक वर्षं ती दोघं कांदिवलीला जात राहिली. घरमालक तिथेही वाटेत उभे राहायचेच, फक्त आंटी त्यांची बाही सोडत नसत. आता दोघंही नाहीत, गळक्या कोपऱ्याचं ते घरही नाही. गाडी कांदिवलीला थांबली की मी खिडकीतून तो बाक शोधते.