आत्याचा हळू आवाज

घरात तिला सगळे भोंगा आत्या म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिची हयात गेली होती. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिली. घरात मीठ मागितलं तरी शेवटच्या फलाटावर ऐकू जावं असं मागायची. वाढदिवस म्हटला की सूत्रं तिच्याकडे. फुगे, गाणी, टाळ्या, नुसता दंगा.

भाची आठ वर्षांची होणार होती. वर्गातल्या जुळ्या भावंडांना बोलवायचंच, असं तिने सांगून टाकलं. दोघंही स्वमग्न होती. मोठा आवाज झाला की भाऊ कान झाकून घ्यायचा, आणि बहिणीला कुणी अंगाला हात लावलेला खपायचा नाही. वहिनीला वाटलं, बोलवू खरं, पण त्यांना जमेल का? आत्याने चपला अडकवल्या आणि थेट जुळ्यांच्या आईला गाठलं.

काय आवडतं, काय सोसत नाही, सगळं विचारून घेतलं. आई आधी तुटकच बोलत होती. मग म्हणाली, "आत्या, बोलावणी येतात हो. पण घटकाभरात निघावं लागतं. दोष कुणाचाच नसतो."

मग आत्याने बेतच बदलला. फुगे रद्द. टाळ्यांऐवजी हात हवेत हलवायचे. पाहुणे मोजकेच. मागची खोली शांत ठेवायची, तिथे उशा. घराचे फोटो जुळ्यांना आधीच पाठवले. आणि ती स्वतः हळू बोलायचा सराव करू लागली. तिच्या भावाने काळजीने विचारलं, घसा दाखवायचा का डॉक्टरला?

त्या दिवशी सुरुवात छान झाली. बहीण मागच्या खोलीत उशांची रांग लावत बसली. आणि नेमका आत्याच्याच हातून पेल्यांचा ट्रे निसटला. वर सवयीने ती ओरडलीही. जुळ्यांतला भाऊ कान दाबून पळाला तो न्हाणीघराशेजारी, कपडे धुण्याच्या मशीनसमोर जाऊन बसला.

आत्याचा चेहरा पडला. ती त्याच्यापासून जरा लांब फरशीवर बसली. तो मशीनच्या गोल काचेत बघत होता. बऱ्याच वेळाने ती उठली, कपाटातल्या धुतलेल्या चादरी आत टाकल्या आणि मशीन सुरू केलं. चादरी फिरू लागल्या तसे त्याचे हात कानांवरून उतरले.

थोड्या वेळाने भाची येऊन शेजारी बसली. तिच्यामागून एकेक करत सगळी पोरं आली. केक तिथेच कापला. बहीण बिस्किट खात दाराशी उभी राहून बघत होती. जुळ्यांची आई बाहेर सोफ्यावर बसून निवांत केक खात होती.

निघताना तो आत्यासमोर थांबला. तिच्या खांद्याकडे बघत म्हणाला, "उद्या?"

"उद्या नाही, रविवारी," आत्या अगदी हळू म्हणाली. "तोवर चादरी मळवून ठेवते."

रविवारी तो आला, बहिणीसकट.