न केलेली तक्रार

मिरजगावच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होते. एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "बाई, उद्या चावडीत जा. परदेशी पाहुणा येतोय. त्याचं बोलणं लोकांना मराठीत सांगायचं."

सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला मुंबईत तेव्हा नवीनच कार्यालय निघालं होतं. 'लोकायुक्त' हा शब्द मी पेपरात वाचला होता, त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. पाहुण्याच्या देशात असं कार्यालय फार जुनं. ते कसं चालवतात हे सांगायला आणि इकडची खेडी बघायला तो आला होता.

चावडीत तो खुर्ची सोडून सतरंजीवर बसला, तिथेच लोक बावरले. आणि पहिल्याच वाक्याला मी अडले. "आमच्याकडे तक्रार ऐकणारा अधिकारी स्वतंत्र असतो," असं मी सांगितलं, तर एक म्हातारे म्हणाले, "आता समदेच सोतंत्र हायेत की."

"म्हणजे त्याच्यावर कुणी साहेब नसतो," मी म्हटलं.

"मंग त्याला इचारनार कोन?"

हा प्रश्न ऐकून पाहुणा खूश झाला आणि बराच वेळ बोलत राहिला. मला त्यातलं निम्मं कळलं. त्यातलं निम्मं मी सांगितलं.

मग त्याने विचारलं, कुणाचं काम अडलंय का? सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. तलाठी दारातच उभा होता, चहा आला का बघत. समोर आमच्या आळीतली एक विधवा बसली होती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं नव्हतं. तलाठ्याने शेळी मागितली होती, हे तिनेच मला सांगितलेलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला.

"माजं काई न्हाई. भाऊसाहेब लई चांगले हायेत."

ती बोलली ते सांगावं की मला ठाऊक होतं ते? मी ती बोलली तेवढंच सांगितलं. पाहुण्याने वहीत अर्धं पान लिहिलं. एवढ्याशा वाक्यातून त्याने काय लिहिलं असेल, मला कळेना. तलाठीही त्याच्या पेन्सिलीकडेच बघत होता.

दीड महिन्याने ती उतारा घेऊन घरी आली. वारसनोंद झाली होती.

"बाई, तुमी त्या गोऱ्या सायबाला काय सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मंग भाऊसाहेब सोता घरी कसं आलं?"

"शेळी दिलीत?"

"मागितलीच न्हाई. च्या घेतला. म्हनले, वहीत माजं नाव कसं लिवलंय, तेवढं बाईंना इचारून सांगा."

मला हसावं की रागवावं समजेना. वहीत काय होतं ते मलाही माहीत नव्हतं.

पुढे पाहुण्याचं पत्र आलं. "त्या बाईंची काहीतरी तक्रार असावी असं मला वाटलं. ती तक्रार नव्या कार्यालयाकडे गेली का?" असं त्याने विचारलं होतं. मी तिला जाऊन विचारलं.

"कुनाची तक्रार करू? काम केलं की त्यानं," ती म्हणाली.

तक्रार नव्हती, चौकशी नव्हती, आणि काम तर झालं होतं. हे पाहुण्याने सांगितल्याप्रमाणे झालं की त्याच्या उलट? दोन पत्रं लिहिली आणि फाडली. तिसऱ्यात लिहिलं: नोंद झाली, पण ती कशी झाली ते मला नीट सांगता येत नाही. ते टपालात टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. तलाठ्याची जामखेडकडे बदली झाली.

त्याच सुमारास आळीतली दुसरी एक बाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "तो पावना परत कवा येनार हाय? आमचं बी एक काम हुतं." मुंबईच्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो, मी लिहून देते, असं मी तिला म्हटलं. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं.