मिग्दालियाचा दुखणेकरी कॉम्प्युटर

अख्ख्या रेमेदियोस गावात मिग्दालियाच्या कॉम्प्युटरइतकी दुखणी कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. कीबोर्ड एकाने टाकून दिलेला, पंखा दुसऱ्याच्या मोडक्या यंत्रातला, तरी बिचारा चालायला तयार होता. पण मालकीणबाई त्याला चालू देतील तर ना.

बाईंचं उभं आयुष्य चुरूट वळण्यात गेलेलं. तंबाखूचं पान न फाडता उचलणारी ती बोटं रॅमची पट्टीही हळूच सैल करत. मग कॉम्प्युटर नुसता टूं टूं करत बसे आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या उबाल्दोला निरोप जाई. तो विधुर माणूस, मुलखाचा अबोल. पट्टी काढायची, खोडरबराने घासायची, पुन्हा बसवायची, कॉफी प्यायची आणि निघायचं. त्या कॉफीपुरता घरात माणसाचा आवाज असे. तो गेला की घर तिला खायला उठे.

अडचण होती ती फर्मिनची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण मेलेल्या माणसासाठी भरून ठेवायचा पाण्याचा पेला तिने थेट सीपीयूच्या डोक्यावर ठेवला होता.

"पाणी आणि वीज शेजारी ठेवू नये, बाई," उबाल्दो दर वेळी सांगे.

"त्यांना मालिका बघायची असते," ती म्हणे. "ते काही हलायचे नाहीत."

एकदा पावाच्या रांगेत झोइला शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं, तू नखं रंगवलीस की तुझा कॉम्प्युटर बरा आजारी पडतो?" रांग हसली. मिग्दालियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिने फर्मिनच्या पेल्यावर हात ठेवून शपथ घेतली, आता पट्टीला बोट लावायचं नाही.

झालं, मेला कॉम्प्युटर धडधाकट चालायला लागला. आठवडा गेला, दुसराही गेला. आता उबाल्दो कशाला येतोय, या विचाराने तिला कॉफी कडू लागायला लागली.

मग एका संध्याकाळी तो आपणहून दारात उभा. "माझा पेचकस इथे राहिला का, बाई?" टेबलामागे वाकून त्याने थोडी खुडबूड केली, "नाही इथे" म्हणाला आणि गेला. सकाळी बघते तर कॉम्प्युटर ठार मेलेला. साधा दिवासुद्धा लागेना. या वेळी तरी ती निर्दोष होती. तिने ताबडतोब निरोप धाडला.

उबाल्दो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. काही विचारलं नाही, खिशातला चष्माही काढला नाही. सरळ मागे हात घातला, विजेची तार आत दाबली आणि पंखा फिरू लागला.

"न बघता बिघाड सापडला?" मिग्दालियाने विचारलं.

"अनुभव असतो."

"अनुभव, की कालचा पेचकस?"

उबाल्दोचे कान लाल झाले. "काय करणार? दोन आठवडे वाट बघितली. तुमचा कॉम्प्युटर बिघडेचना."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मग खोडरबराने मी काय घासत होतो?" तो पुटपुटला. "दर खेपेला पट्टीवर तुमच्या नखांचा लाल रंग लागलेला."

मिग्दालियाने हात बाह्यांत लपवावेत तर अंगात बिनबाह्यांचा झगा. शेवटी तिने दोन्ही हातांनी पेला उचलला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवला.

"इथे बसा जरा," ती फर्मिनला म्हणाली. "आज मालिका नाही."

आणि तिने दोघांची कॉफी चुलीवर चढवली.