अक्काच्या पिशवीतल्या सह्या

अक्का मंगळवारी सकाळी गेली. मी तेव्हा जळगावला, कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी धुळ्याची बस धरली. पारोळ्याला बस थांबली तेव्हा एकाने शेजारच्या सीटवरून विचारलं, धुळ्यात काय काम? मी म्हणालो, बहिणीकडे चाललोय.

देवपूर भागातल्या तिच्या घरी दाराजवळच्या खुर्चीवर कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. पाण्याची बाटली, फूटपट्टी, लाल पेन, सह्यांचे कागद आणि एका पाकिटात आधार कार्डांच्या तेहतीस झेरॉक्स. त्या दिवशी ती एका गावाला जायला निघाली होती. खरं तर तिथे मी जायला हवं होतं.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवायची. दिवाळीनंतर धुळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. तिथल्या एका बाईशी तिची ओळख झाली ती एका करड्या स्वेटरवरून. एका हिवाळ्यात अक्काने तिला गाव कुठलं विचारलं. बाईने कर्नाटकातल्या वसाहतीचं नाव सांगितलं. त्याआधीचं गाव विचारलं तर म्हणाली, ते आईने पाहिलेलं, मी नाही. निवृत्त झाल्यावर अक्काने निवेदन लिहिलं. आपल्या सरकारने तिबेटला देश म्हणून मान्यता द्यावी आणि जगापुढेही तसं म्हणावं, एवढंच, अर्ध्या पानात. खाली सह्यांसाठी रेघा. हिवाळा संपायच्या आत ते खासदारांना द्यायचं होतं.

स्वेटरवाल्या बाईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती घडी घातलेल्या शालींची पुन्हा घडी घालत राहिली.

"दीदी, हमारे में भी दो बात है," ती म्हणाली. "कोई बोलता है देश चाहिए. कोई बोलता है, बस घर जाने दो. मेरी माँ तो सिर्फ घर बोलती थी."

"मग मी लिहू की नको?"

"लिखो. लेकिन जो साइन करे, उसको मालूम होना चाहिए."

अक्काने ते शब्दशः पाळलं. एका सहीसाठी ती दहा-पंधरा मिनिटं बोलायची. बुद्धविहारात, पोस्टाच्या रांगेत, दळण टाकायला आलेल्या बायकांशी. दिवसाला तीन-चार सह्या व्हायच्या. टोमणेही मिळायचे. गिरणीवाला एकदा म्हणाला, "बाई, आपल्या गल्लीत गटार नाही अन् तुम्ही दुसऱ्याला देश मागताय!" अक्का म्हणाली, "गटाराचा अर्ज करा, पहिली सही माझी. आता इथे करा." त्याने हसत केली.

मग तिचे गुडघे धरले. पांझरा नदीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या शाळेत ती सुरुवातीला होती. म्हणाली, एवढं गाव तू कर. मी एका रविवारी गेलो.

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. ग्रंथालयात ते निभतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कागद मांडून मी बसलो आणि कोणी विचारायची वाट पाहत राहिलो. एका बाईने विचारलं, "हाई घरकुलनं फारम शे का?" मी म्हणालो, नाही, निवेदन आहे. तिने मान हलवली आणि सही केली. थोड्या वेळाने ती आणखी चौघींना घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात आधारची झेरॉक्स होती. मी ती कशाला म्हणून विचारलं नाही. त्यांनी दिली, मी घेतली, टाचणी लावली. संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस सह्या झाल्या. परतीच्या बसमध्ये मी त्या दोनदा मोजल्या. अक्काने आठवड्यात जेवढ्या आणल्या नव्हत्या तेवढ्या मी एका दुपारी आणल्या होत्या.

तिने कागद हातात घेतले आणि झेरॉक्स पाहिल्या.

"यांना काय सांगितलंस?"

"निवेदन आहे म्हणून."

"कशाचं?"

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अरे, त्या बाया घराची वाट बघत असतील," ती म्हणाली. ती एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. ती दारोदार, काठी टेकत. मी मागे पाकीट घेऊन. पहिल्याच घरात बाई कडाडली, "मंग सही कसाले लेतस तुम्ही? माले वाटनं घर भेटी!" अक्काने तिची माफी मागितली, झेरॉक्स परत दिली आणि तिच्यादेखत फूटपट्टी धरून सही लाल पेनने खोडली. पुढच्या घरी म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या लोकेस्नं गाव हारपनं का मंग?"

"हो, आजी."

"मन्हं माहेर धरनमा गयं. मन्ही सही राहू द्या." मग मला म्हणाली, "भाऊ, झेरॉक्स दी टाका. तीन वावर चालीसन काढेल शे." तीन शेतं तुडवत जाऊन तिने ती काढून आणली होती.

त्या दिवशी चौदा घरं झाली. आठ सह्या खोडल्या, सहा राहिल्या. अक्का थकली, पण बसमध्ये तिचा चेहरा निवांत होता. पुढच्या वेळी मीच एकटा येतो, असं मी म्हणालो. मग ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद निघाली. एक रविवार गेला, दुसरा गेला. सोमवारी तिचा फोन आला, स्वेटरवाले लवकर निघणार आहेत, त्यांच्या आधी हे उरकू. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात नक्की. ती म्हणाली, राहू दे, मी उद्या जाऊन येते.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे अक्काच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी विहारातले एक नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आहे तसं देऊन टाकू. संख्या दिसते. आत कोण बघतंय?" त्यांचा हेतू चांगला होता. अक्काचं काम पुरं व्हावं एवढंच त्यांना वाटत होतं. स्वेटरवाली बाईही आली होती. तिने अक्काच्या फोटोला पांढरं रेशमी वस्त्र घातलं आणि मला विचारलं, "कागज गया?"

"अजून नाही," मी म्हणालो. का, ते तिला मराठी-हिंदी मिसळून सगळं सांगितलं. एवढं सलग मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. तिने ऐकलं. म्हणाली, "ठीक है. अगले साल देखूँगी."

तेव्हापासून मी तीन रविवार गेलो. दारात उभं राहून आधी अक्का गेल्याचं सांगतो, मग माझी चूक, मग तो देश. वाक्यं अडखळतात. लोक मधेच विचारतात, "आनी घरकुलनं काय व्हयनं?" ते मला माहीत नाही, असं सांगतो. खोडलेल्या सह्या राहिलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

स्वेटरवाले गेले. निवेदन दिलेलं नाही. पिशवीत अकरा झेरॉक्स आहेत.