परंदवडीचं तूस

मी परंदवडी सोडली तेव्हा भात पोटरीत आलं होतं. भर दुपारी गाडीत बॅगा चढल्या, आईने हातावर दही ठेवलं. आबा, म्हणजे माझे वडील, गाडीचं दार धरून उभे होते. तळेगावच्या कॉलेजातली रसायनशास्त्र शिकवायची नोकरी सोडून मी जर्मनीला पीएचडीला निघाले होते, आणि ते त्यांना पटलेलं नव्हतं. "तीन वर्सं म्हनलीयेस," एवढंच बोलून त्यांनी दार लावलं.

खंडाळ्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. पुढची गाडी दिसेना, मागचा डोंगर दिसेना. आपण कुठून निघालोच नाही आणि कुठे पोचणारही नाही, असं त्या पांढऱ्यात वाटत राहिलं. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यातही तसंच वाटायचं. बर्फ पडतो तेव्हा आवाजच होत नाही.

लॅबमध्ये माझ्या वाट्याला लिथियम-सल्फर बॅटरी आली. सल्फर म्हणजे आपलं गंधक. स्वस्त, हलकं, भरपूर वीज साठवणारं. पण बॅटरी चालू लागली की लिथियमशी त्याची संयुगं होतात, ती आतल्या द्रावणात विरघळून भरकटतात आणि बॅटरी थकत जाते. म्हणून गंधक अतिशय बारीक छिद्रांच्या कार्बनमध्ये वितळवून मुरवायचं. तसा कार्बन बनवणं माझं काम. दोन वर्षं मी शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या बनवल्या आणि एकेक मरताना पाहिली. उघडली की आत पिवळट-तांबूस डाग.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल व्हायचा. आधी आबा फक्त हवापाणी विचारायचे. मग हळूहळू विचारू लागले, "ह्या येळंची किती दिस जगली?"

भाताच्या तुसापासून असा कार्बन करतात, हे वाचण्यात आलं. तुसात वाळूसारखी सिलिका असते. तूस हवेशिवाय भाजून ती काढून टाकली की बारीक बारीक पोकळ्या उरतात. तूस कुठूनही मागवता आलं असतं. मी आबांना पाठवायला सांगितलं.

"तूस? तितं म्हशी पाळल्यात का काय?"

मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "काकडीवर भुरी पडली की गंधक मारतो मी. पाण्यात न्हाई इरघळत ते."

"बॅटरीत पाणी नसतं आबा, दुसरं द्रावण असतं."

ते म्हणाले, "मंग गिरणीतलं ढिगाचं तूस नको. त्यात धा जनांचं मिसाळल्यालं असतं. आपल्या इंद्रायणी भाताचं येगळं काडून ठिवतो."

परवानगीचे कागद झाले आणि तूस आलं. कापडाच्या दोन पिशव्या, दोन्हींवर आबांच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'खालचं वावर', 'वरचं वावर'. पिशवी उघडली, तो वास आला, आणि त्या दिवशी मी काहीच काम केलं नाही. खिडकीशी बसून राहिले.

दोन्ही वावरांचा कार्बन मी वेगवेगळा केला. खालच्या वावरातल्या तुसाची एक बॅटरी हिवाळा संपला, झाडांना पानं आली, तरी चालत होती. जगावेगळं काही नव्हतं. असा कार्बन आमच्याआधी कित्येकांनी केला होता. पण माझ्या हातची जगलेली ती पहिलीच. आबा गावात सांगत फिरले, "पोरीनं गंधक धरून ठिवलं!"

तीन वर्षं भरत आली आणि तिथेच नोकरी मिळाली, याच कामावर. आबांना सांगावं लागलं.

त्यांनी विचारलं, "बॅटरीसाटी ऱ्हातीयेस, का तितं बरं वाटतं म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी फोन आईकडे दिला. पुढचे कितीतरी रविवार ते शेतावरच असायचे.

मार्गशीर्षात मी घरी गेले. भाताची झोडणी, भरडणी उरकली होती. आबा नुसते "आलीस व्हय" म्हणाले. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खळ्यावर नेलं. तिथे तुसाची दोन पोती शिवून ठेवलेली.

"ह्या सालचं हाय," ते म्हणाले. "लागंल का?"

"लागेल आबा."

"मंग झालं," म्हणून ते बांधावर बसले. मीही बसले. समोरच्या डोंगरावरचं धुकं उन्हात विरत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता माझ्या तोंडून गेलं, "रविवारी घरी पोचेन." बोलले आणि जीभ चावली. आईचा घडी घालणारा हात थांबला. तिकडे राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, असा शब्द तुमच्याही तोंडून कधीतरी निसटला असेल. मला वाटायचं, घर एकच असतं आणि दुसऱ्याला घर म्हटलं की पहिल्याशी बेइमानी होते.

आईने घडी पुरी केली. मग म्हणाली, "तुज्या घरी खिडकीतनं काय दिसतं गं?"

इतक्या वर्षांत मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. अक्रोडाचं झाड सांगितलं, वळणावर हळू होणारी ट्राम सांगितली, समोरच्या घरात खुर्चीत बसून विणकाम करणारी म्हातारी सांगितली. आई डोळे मिटून ऐकत होती.

"आन् ती म्हातारी," तिने विचारलं, "एकलीच ऱ्हाती का?"