ऑइलचा काटा आणि माझी जीभ

आमच्या घरी एक मोटार आहे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, वडिलांनी घेतलेली, आणि घरात सगळ्यांत जास्त लाडाची. सेलूच्या शाळेतून मी निवृत्त झालो तेव्हापासून तर मला दुसरा उद्योगच उरला नाही. सकाळी चहाच्या आधी तिचं बोनेट उघडायचं, आत डोकवायचं, काही न कळता मान हलवायची आणि बंद करायचं. बायको म्हणते, "माह्या गुडघ्याची एवढी चौकशी केली असती तं मी आतापावेतो पळाली असती."

गेल्या वर्षी इंजिन खोलून पूर्ण दुरुस्त करायचं ठरलं. इतकं जुनं इंजिन हातात घेणारे आमच्याकडे एकच मिस्त्री. पंचाहत्तरीचे असतील. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हाताखालून गेलेली. बसस्टँडच्या मागे त्यांची टिनाची शेड आहे, आणि तिथे जुने ट्रॅक्टर लांबलांबच्या गावांहून यायचे. त्या ट्रॅक्टरांवर त्यांचा दिवस चालायचा आणि मानही.

काम चालू होतं तेव्हा मी रोज शेडवर जाऊन बसायचो. मदत करायला. माझ्या मदतीला मिस्त्री मनात काय म्हणत असतील ते त्यांनी कधी तोंडावर येऊ दिलं नाही. दुपारी ते जेवायला घरी गेले की शेडचा ताबा माझ्याकडे असायचा, आणि तेवढ्या वेळात मी स्वतःला निम्मा इंजिनियर समजायचो.

गाडी तयार होऊन आली, दोनेक महिने छान पळाली. मग एक दिवस समोरचा काटा पडायला लागला. ऑइलचा दाब दाखवणारा काटा. गाडी गरम झाली की तो हळूच खाली येऊन झोपायचा, आणि इंजिनच्या वरच्या झाकणाखालून टकटक सुरू व्हायची. ऑइल खालच्या चेंबरमधून वरपर्यंत चढतच नव्हतं. असंच चालवत राहिलो असतो तर इंजिन जाम झालं असतं.

मी आधी माझे उपचार केले. जाड ऑइल भरलं. फरक पडला नाही, तेव्हा त्याहून जाड भरलं. मग वाटलं, काटाच खोटं बोलत असेल, म्हणून मीटर बदललं. नवा काटाही जुन्यासारखाच झोपला. आता दोष कुणाला तरी द्यायलाच हवा होता, आणि माझ्या हाताशी मिस्त्री होते.

चहाच्या टपरीवर मी बोलून गेलो, "मिस्त्रींचे डोळे गेले आता. बेरिंग ढिल्या बसवल्या त्यांनी." एकदा बोललो असतो तर ठीक होतं. पण ऐकणारे मान हलवतात म्हटल्यावर मास्तराला थांबता येत नाही. बाजारात बोललो, बँकेच्या रांगेत बोललो, एका लग्नाच्या पंगतीत तर बेरिंग म्हणजे काय इथपासून समजावून सांगितलं. महिना-दीड महिन्यात शेडसमोर ट्रॅक्टर दिसेनासे झाले. लोक ते वर्ध्याला न्यायला लागले. मी ते पाहिलं, आणि मनात म्हणालो, बघा, लोकांच्याही लक्षात आलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच असं वाटलं होतं.

शेवटी बायकोने विषय काढला. "साऱ्या गावाले सांगतलं तुमी. त्याईले सांगतलं काय?"

मी म्हटलं, नाही.

"मंग न्या गाडी अन् तोंडावर सांगून या."

गेलो. मिस्त्री शेडमध्ये एकटेच बसले होते. नट खोलायचे सगळे पाने पुसून ओळीने मांडलेले, करायला काम नसल्यासारखे. मी काटा, टकटक, बेरिंग असं काहीतरी पुटपुटलो.

"आयकलं मी," ते म्हणाले. "माहे डोळे गेले म्हणे. चला, खोलून पाहू. माही चूक निंघाली तं या शेडले आजच कुलूप लावतो."

ते चिडून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते गाडीखाली गेले, ऑइल काढलं, चेंबर उतरवलं. आत ऑइल वर चढवणाऱ्या पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. तिच्यातून गाळूनच ऑइल वर जातं. त्या जाळीवर काळा, ओला, जाड थर बसला होता, जुन्या उशीत निघतो तसा. मिस्त्रींनी चिमट्याने तो ओढला. तो लांब लांब येत गेला. मग त्यांनी तो पेट्रोलमध्ये खळबळला, उजेडात धरला आणि त्यातून एक सरकी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"गुरुजी," ते म्हणाले, "इंजिनात पराटी पेरली होती काय?"

पराटी म्हणजे कपाशी. तो थर कापसाचा होता. कापूस आमच्याच शेतातला, आमच्याच घरातला. मिस्त्री जुन्या धोतराच्या फडक्याने सुटे भाग पुसायचे, ते मला फार कंजूष वाटायचं. घरात कापूस भरलेला असताना चिंध्या कशाला? म्हणून ते जेवायला गेले की मी पिशवीतून कापूस काढून चेंबर आणि इंजिनचं पोट पुसून चकचकीत करायचो. खरखरीत लोखंडाला त्याचे तंतू चिकटून राहिले, आणि ऑइलबरोबर वाहत जाळीवर जमा झाले. बेरिंग सगळ्या नीट होत्या. त्यांनी एकेक तपासून दाखवली.

जाळी धुऊन, सगळं बसवून त्यांनी नवं ऑइल भरलं आणि वरचं झाकण न लावताच गाडी सुरू करायला लावली. ऑइल वर आलं, एकेका दांडीवरून पाझरू लागलं. काटा उभा होता. मिस्त्रींनी झाकण लावलं आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर जाऊन सगळं कबूल केलं. चूक माझी, मिस्त्रींचा हात पक्का आहे. ऐकून चहावाल्याने माझ्यासाठी बाक पुसला. "लय मोठं मन हाय गुरुजी तुमचं. म्हाताऱ्याले सांभाळून घेऊन राह्यले." बाजारात तेच. बँकेत तेच. त्या माणसाची बदनामी करायला मला काही कष्ट पडले नव्हते, आणि आता खरं सांगत होतो तर लोक माझाच चांगुलपणा वाखाणत होते. मला माझाच इतका संताप आला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नाही.

मग मी पद्धत बदलली. कबुली देणं सोडलं आणि फजिती सांगायला लागलो. मी वाकून कसा पुसायचो, स्वतःवर किती खूश व्हायचो, सरकी हातावर आल्यावर तोंड कसं झालं, सगळं नक्कल करून. लोक पोट धरून हसले. आठवड्याभरात गोष्ट माझ्यापुढे पळायला लागली. बाजारात मागून आवाज यायचे, "गुरुजी, औंदा इंजिनातला कापूस किती निंघाला?" घरी बायकोने भाऊ, बहीण, विहीण, सगळ्यांना फोन करून सांगितलं, आणि दर वेळी थोडं वाढवून.

परवा मी शेडवर गेलो तर समोर एक जुना ट्रॅक्टर उभा. मालक रोहण्याहून आला होता. म्हणाला, "कापूसवाल्या मास्तरची गाडी ज्याईनं दुरुस्त केली, ते मिस्त्री हेच ना?" तो मास्तर मीच हे त्याला माहीत नव्हतं. मला फार आनंद झाला. मिस्त्री इंजिनवर वाकलेले होते. मी बघायला म्हणून एक पाऊल पुढे टाकलं.

"गुरुजी," मान वर न करता ते म्हणाले, "हात मांगं बांधून उभे राहा."

मी हात मागे बांधले.