तेराव्यासाठी ठेवलेले

आबा, म्हणजे माझे वडील, उरवड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा फंडाचे सगळे पैसे त्यांनी पोस्टात टाकले. व्याजावर दोघा म्हाताऱ्यांचं भागेल, असा हिशेब. वर्षभरात आईला अर्धांगवायू झाला. मी एकुलती एक, नवरा वारल्यापासून माहेरीच, पण सकाळी पिरंगुटच्या बालवाडीत जावं लागायचं. म्हणून आईला उठवायला-बसवायला, कूस बदलायला एक बाई ठेवली. लवासाकडं सिमेंटचे ट्रक जायला लागले होते, तेव्हाची गोष्ट.

आता प्रश्न एकच. पैसे आईला शेवटपर्यंत पुरतील का? डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं धरायची? ते म्हणाले, सांगता येत नाही. आबांनी मात्र पोस्टातल्या पैशांचा तिसरा हिस्सा बाजूला काढला.

"ह्याला हात लावायचा न्हाई. हे तिच्या तेराव्याचं. गावजेवण झालंच पायजे. जन्मभर भावकीच्या पंगतीला जेवलोय आपण."

माझं डोकंच फिरलं. "अहो, ती जिवंत आहे अजून!"

"म्हणून तर आत्ता ठेवतोय. मागनं काय ऱ्हायचं न्हाई."

आई खाटेवरून ऐकत होती. वाकड्या तोंडानं कसंबसं म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

व्याज उतरत गेलं, औषधं चढत गेली, बाकीचं मुद्दलही संपत आलं. शेवटी वेळ अशी आली की एकतर त्या हिश्शाला हात लावायचा, नाहीतर बाई काढायची. आबांनी बाई काढली. "मी करतो की समदं," म्हणाले, आणि जीव लावून करायचे. पण स्वतःचीच कंबर धरलेली, तर दुसऱ्याची कूस काय बदलणार? आईच्या पाठीला जखम झाली. ती भरलीच नाही. आई त्या जखमेनं गेली. कुणाला वाईट वाटो नाहीतर बरं, मी हे असंच सांगते.

तेरावा दणक्यात झाला. बुंदी, पुऱ्या, मसालेभात. "म्हाताऱ्यानं नाव राखलं बरं का," म्हणत माणसं हात धुवून गेली. मी बुंदी वाढत होते आणि मला वाटत होतं, माझ्या आईची पाठच खातायत ही सगळी.

त्यानंतर घर आम्हाला सुखानं बसू देईना. तिन्हीसांजेला आतून आवाज यायचा, "कूस... कूस." मला वाटायचं, मलाच भास होतोय. पण आबा हातातलं काम टाकून उठायचे, आत जायचे आणि रिकाम्या खाटेपाशी नुसते उभे राहायचे. त्यांनाही ऐकू येत होतं. आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. मला फार भीती वाटायची.

आणि एवढं होऊनही आबांनी कारखान्याच्या तुटपुंज्या पेन्शनमधून स्वतःच्या तेराव्याचे पैसे साठवायला घेतले. दूध बंद, रात्रीची भाकरी बंद. साठलेलं माझ्याकडं द्यायचे, "तुज्याकडं ठेव." मी काय म्हणून बोलू? भिंतीशी बोललेलं बरं.

पुढं ते अंगणात पडले, खुबा मोडला आणि अंथरूण धरलं. या वेळी मी कुणाला विचारायला गेले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच बाईला बोलावून आणलं. पगार, औषध, दूध, सगळं त्यांच्या त्या पैशांतून. दूध कुठलं, म्हणाले तर सांगितलं, शेजारची म्हैस व्यायलीय, फुकट देतात. देव मला काय करायचं ते करो.

एका दुपारी त्यांनी बाईलाच विचारलं, "तुजा पगार कोन देतं गं?"

"ताई देत्यात की. तुमीच ठेवाय दिल्यालं हायेत न्हवं, त्यातनंच," ती बिचारी खरं ते बोलली.

त्यांनी मला हाक मारली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पोरी, मग माज्यामागं गावाला उपाशीच उठवतीस व्हय?"

"गावाचं गाव बघंल. तुम्ही जेवा," मी म्हणाले.

आबांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ते जगले, चांगले वर्षभर. बाईनं भरवलं की खायचे, दूधसुद्धा प्यायचे. माझ्या हातचा घास मात्र त्यांनी परत घेतला नाही. ताट मीच वाढायची, बाईच्या हातात द्यायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत दाराआड उभी राहायची.